शाळेची कौले आणि गावाचा कौल



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून हे व्यासपीठ विद्वानांचे मानले गेले आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण थोडे शाळेत, बरेचसे कारखान्याच्या दारावर आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आमच्या बोलण्यात शास्त्रापेक्षा पायपीट अधिक आढळली, तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

आजचा विषय विटामातीचा आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन डोंगरी तालुक्यांतील शाळांची घरे कशी आहेत, ती दुरुस्त करताना आधी काय करावे आणि हे कुणाला विचारून ठरवावे, एवढाच तो विषय. वरवर पाहता तो इंजिनियराच्या टेबलावरचा प्रश्न वाटतो. परंतु त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. मराठीत 'कौल' या एकाच शब्दाने छपरावरचे कौलही समजते आणि देवाला किंवा लोकांना विचारून मिळालेले उत्तरही समजते. शाळेवर कौले चढली किती आणि गावाचा कौल घेतला गेला किती वेळा, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

आपल्या इलाख्यात शाळांविषयी पहिली मोठी विचारपूस झाली ती १८२४ साली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. गावोगाव शाळा किती, मुले किती, असे प्रश्न कलेक्टरांकडे गेले आणि कलेक्टरांकडून खाली उतरले. त्या चौकशीची बेरीज १८२९ साली हाती आली, ती अशी : १,७०५ शाळा, ३५,१४३ मुले आणि लोकसंख्या ४६,८१,७३५. हे कागद पुढे रा. वि. परुळेकरांनी छापून काढले, म्हणून आमच्यासारख्याला वाचावयास मिळाले. त्या कागदांतील आमच्या विषयाची गोष्ट अशी की शाळेला स्वतःचे घर असे बहुधा नव्हतेच. शाळा भरे ती देवळात, कुणाच्या वाड्याच्या पडवीत, पंतोजींच्या ओसरीवर नाही तर एखाद्या छपरीखाली. ही व्यवस्था स्वस्त होती, आणि शाळेला इमारत लागतेच असे नाही, असे म्हणणारे लोक आजही तिचा दाखला देतात. त्यांना आम्ही एवढेच विचारतो, की देवळात शाळा भरली तर देवळाच्या पायरीखाली ज्यांना उभे केले जाई, त्यांच्या मुलांनी कुठे बसावयाचे? शाळेचे स्वतंत्र घर ही चैन नव्हती. जी जागा कुणा एकाच्या मालकीची नाही आणि म्हणून जिच्यातून कुणाला हाकलता येत नाही, अशी ती जागा होती.

ही गणती कलेक्टरांच्या हद्दीपुरती होती. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, सुमारे तीनशे दहा चौरस मैलांचे. मोखाडा इंग्रजी मुलखात, ठाणे जिल्ह्यात. दोन्हीकडचा डोंगर एकच. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ही माणसेही दोन्हीकडे तीच. मध्ये रेघ मात्र राज्यांची. शाळांचा प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे, दोघेही या डोंगराच्या बाहेरचे होते.

मग पैशाचा प्रश्न आला. १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसू लागली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. कर सर्वांनी द्यावयाचा, शाळा कुठे होणार ते मात्र कचेरीत ठरावयाचे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. त्यातला मुख्य सल हाच होता : सरकारची तिजोरी भरते ती कष्टकरी रयतेच्या घामाने आणि तिचा उपभोग घेतात वरचे वर्ग. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, निदान वयाच्या बारा वर्षांपर्यंत, असे त्यांनी सांगितले. आम्ही युनियनवाले या निवेदनाला महाराष्ट्रातले एक आद्य मागणीपत्रच मानतो. ज्याच्याकडून वर्गणी घेता त्याला हिशेब द्या आणि त्याचे म्हणणे ऐका, ही त्यातली भाषा आमच्या ओळखीची आहे.

१९३६ च्या हुकुमाने मोखाडा पेटा 'अंशतः वगळलेल्या' प्रदेशांत गेला. डहाणू आणि शहापूर तालुके व उंबरगाव पेटा यांचीही तीच गत. वगळलेले म्हणजे काय? तर नेहमीचे कायदे तिथे आपोआप लागू व्हावयाचे नाहीत, गव्हर्नरांनी विचारपूर्वक लागू करावयाचे. हेतू संरक्षणाचा होता असे म्हणतात, तो असेलही. परंतु ज्या मुलखाच्या नावापुढेच 'वगळलेला' असा शिक्का, तिथल्या माणसाला कोण काय विचारणार? त्याच सुमारास सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने या भागांतील कर्ज आणि वेठबिगारीविषयी सरकारला अहवाल दिला. तो वाचला की शाळांच्या भिंतींची चर्चा क्षणभर लाजिरवाणी वाटते. सावकाराच्या शेतावर बाप वेठीला आणि मुलगा गुरांमागे, तिथे शाळेचे छप्पर गळते की नाही हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

तो उद्भवला १९४५ साली, आणि एकाच वर्षी दोन बाजूंनी. मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि श्यामराव व गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या पाठबळावर वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी, तिथून फार दूर नव्हे, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. या दोन घटना एका दमात सांगितल्या की दोन्ही बाजूंचे लोक थोडे बिचकतात. आम्हाला त्यांत एक समान पद्धत दिसते. दोघींनीही माणसाला आपल्याकडे बोलावले नाही, त्या त्याच्याकडे गेल्या. गोदावरीबाई पाड्यापाड्यावर हिंडल्या. ताराबाईंनी पाहिले की मूल शाळेत येत नाही, कारण ते धाकटे भावंड सांभाळते किंवा गुरे राखते. तेव्हा त्यांनी शाळाच अंगणात नेली; गुराख्यांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सरकारी कागदांत आहे. त्याचे मूळ, शाळा कुठे असावी हे मुलाच्या दिवसाकडे पाहून ठरवण्यात आहे, हे थोड्यांना ठाऊक असते.

१९४८ साली जव्हार संस्थान विलीन झाले. १९६२ च्या मे महिन्यात जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. या काळातल्या शाळांविषयी आम्ही जुन्या माणसांकडून खूप ऐकले आहे. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांना शेणामातीचा लेप, वर गवत किंवा पळसाची पाने. पावसापूर्वी घरे शाकारावयाची तशी शाळाही शाकारावयाची. कुणी वासे आणी, कुणी गवताचे भारे, बायका जमीन सारवीत. अशी शाळा कच्ची होती हे खरे. विंचू निघत, वारा शिरे. परंतु दर वर्षी वैशाखात सारा पाडा तिच्याभोवती जमून, कोणता वासा किडला आणि कोणता अजून एक पावसाळा निभावेल, याची चर्चा करी. दुरुस्तीचा अग्रक्रम ठरवणारी ती सभाच होती. तिला तसे नाव कुणी दिले नव्हते एवढेच.

मग आली कौले, पत्रे आणि शेवटी स्लॅब. कोठारी आयोगाने १९६६ साली लिहून ठेवले की प्राथमिक शाळांपैकी सुमारे ३० टक्क्यांनाच समाधानकारक इमारत आहे. १९८७ पासून खडू-फळा मोहीम निघाली : प्रत्येक शाळेला सर्व ऋतूंत टिकतील अशा दोन मोठ्या खोल्या, पुढे रुंद पडवी, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे. योजना चांगली होती, आणि तिच्यामुळे पुष्कळ पाड्यांना पहिली पक्की खोली मिळाली, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र पक्क्या खोलीबरोबर एक गोष्ट हातातून गेली. गवताचे छप्पर गावाचे होते; स्लॅब सरकारचा झाला. गवत गळले तर माणूस चढून पेंढी बसवीत असे. स्लॅब गळू लागला तर अर्ज करावयाचा, कनिष्ठ अभियंत्याने येऊन पाहावयाचे, अंदाजपत्रक व्हावयाचे, मंजुरी यावयाची. खोली फारच मोडकळीस आली तर ती पाडण्यासाठीही 'निर्लेखना'चा हुकूम लागतो. तो येईपर्यंत ती पडकी खोली मुलांच्या खेळण्याच्या जागेत तशीच उभी असते.

जव्हार-मोखाड्याचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला यातले दुःख कळणार नाही. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, आणि पाऊसही तेव्हाच उघडतो. पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की गुरुजींचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. स्लॅब असेल तर भिंतींतून ओल झिरपते आणि मुले कोरडा कोपरा शोधून गोळा होतात. चार इयत्ता एका कोपऱ्यात. दुरुस्तीचा पैसा बहुधा मार्चअखेरीस सुटतो आणि घाईने खर्ची पडतो. अशा घाईत छप्पर गळते त्या जागी नव्हे, तर रंग दिसतो त्या जागी पैसा लागतो, हे आम्ही एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे.

२००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने एक धाडस केले. शाळेचे बांधकाम ठेकेदाराकडून नव्हे, गावाच्या समितीकडून करून घ्यावे, असा नियम केला. दुरुस्तीसाठी शाळेला वर्षाला पाच हजार रुपये दिले. पाच हजारांत जव्हारच्या पावसाशी लढावयाचे, यावर हसावे की रडावे! आणि ठेकेदार गेला त्या जागी मुख्याध्यापक बसले; सिमेंटच्या गोण्या मोजता मोजता त्यांचे शिकवणे मागे पडले. तरीही पैसा कुठे जातो हे गावाला प्रथमच दिसू लागले, म्हणून आम्ही त्या नियमाला वाईट म्हणणार नाही.

आणि मग आला २००९ चा शिक्षण हक्क कायदा; अंमल १ एप्रिल २०१० पासून. शाळेला काय काय असावे हे त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे : प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, अपंग मुलाला आत येता येईल असा रस्ता, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, दुपारच्या जेवणासाठी स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती नेमली : तिच्यात तीनचतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. २२ व्या कलमाने या समितीने शाळेचा विकास आराखडा करावयाचा, आणि तोच सरकारच्या आराखड्याचा व अनुदानाचा पाया मानावयाचा. श्रोतेहो, १८२४ पासून जी विचारपूस वरून खाली होत होती, तिला इथे प्रथम खालून वर जाण्याचा कायदेशीर रस्ता मिळाला. आम्ही हा कायदा वाचला त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. परंतु सोबत्यांना सकाळी चहावर त्याविषयी फार वेळ बोलून कंटाळा आणला हे खरे.

आता पाहू, व्यवहारात काय होते. केंद्राच्या २०१० च्या नियमांनुसार हा आराखडा, समिती स्थापन होते त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपूर्वी किमान तीन महिने तयार व्हावा लागतो. म्हणजे डिसेंबरअखेर. दिल्लीतल्या माणसाला यात काही वावगे दिसणार नाही. पण जव्हार-मोखाड्यात डिसेंबर म्हणजे काय? नाचणी-वरई घरात आली, दिवाळी झाली, की मुकादम पाड्यावर उभा राहतो. उचल घेतलेली असते. बायकोमुले, कोंबड्या, भांडी घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्या पालकांना कायद्याने तीनचतुर्थांश जागा दिल्या, ते नेमके आराखडा लिहिण्याच्या दिवसांत दुसऱ्यांच्या घरांच्या विटा थापीत असतात. मग आराखडा कोण लिहितो? जो गावात उरतो तो. सह्या मात्र पुऱ्या असतात, अंगठेही असतात.

हे आम्हाला बसल्या जागी सुचले नाही, फजितीतून कळले. काही वर्षांपूर्वी आम्ही युनियनच्या चार कार्यकर्त्यांनी मोखाड्याकडच्या काही पाड्यांवर शाळांची विचारपूस करावयाचे ठरवले. तेवीस प्रश्नांचे पत्रक छापले. सकाळी अकराला शाळेत सभा बोलावली. आली कोण, तर तीन म्हाताऱ्या आणि एक पोलीसपाटील. पत्रकात शब्द होता 'प्राधान्यक्रम'. एका आजीने शांतपणे विचारले, "भाऊ, हे कुठल्या गावाचं नाव?" आम्ही पत्रके पिशवीत परत घातली.

पुढच्या खेपेस आम्ही वीटभट्टीवर गेलो, संध्याकाळी, चुली पेटल्यावर. तिथे आमचे जाणे नवे नव्हते; मजुरीच्या हिशेबासाठी आम्ही जातच होतो. शाळेचे नाव काढल्यावर माणसे आधी गप्प झाली, कारण भट्टीवरच्या माणसाला शाळेचा प्रश्न म्हणजे आपल्यावरचा ठपका वाटतो. मग आम्ही कागद काढलाच नाही. पाच टोपल्या मांडल्या : छप्पर, पाणी, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह, कुंपण. प्रत्येकाला दहा चिंचोके दिले आणि म्हटले, तुम्हाला वाटेल तसे वाटून टाका. पुरुषांचे चिंचोके बहुतेक छपरात आणि कुंपणात पडले. कुंपण अशासाठी की सुट्टीत गुरे वर्गात बसतात. बायकांचे पाण्यात आणि स्वयंपाकघरात. एक बाई म्हणाली, "पाणी नसलं तर संडास बांधून काय करता, दादा? कुलूपच लावतील." हे वाक्य आम्ही नंतर एका कचेरीत जसेच्या तसे सांगितले. तिथल्या साहेबांनी मान हलवली आणि स्वच्छतागृहांचे आकडे वाचून दाखवले.

सर्वांत शेवटी मुलींना चिंचोके दिले. त्या कुजबुजल्या, टोपल्यांकडे पाहत राहिल्या आणि एकीने विचारले, "कडीची टोपली कुठली?" संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरीने बाहेर दार धरून उभे राहावयाचे. मैत्रीण गैरहजर असेल त्या दिवशी जावयाचेच नाही. कडीची किंमत किती? चहाच्या चार कपांइतकी. आमच्या तेवीस प्रश्नांत ती नव्हती. सरकारच्या वार्षिक माहितीपत्रकात वर्गखोल्यांची नोंद 'चांगली', 'किरकोळ दुरुस्ती', 'मोठी दुरुस्ती' अशा रकान्यांत होते. त्यातही कडीला रकाना नाही.

इथे आमचे एक मत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागणीपत्र बनवताना युनियनमध्ये आम्ही प्रारंभी बहुमत घेत असू. एका कारखान्यात बोनसची मागणी वर राहिली आणि स्त्री कामगारांच्या मुतारीची मागणी नवव्या क्रमांकावर गेली, कारण स्त्रिया थोड्या होत्या. तडजोडीत पहिल्या चार मागण्या मिळाल्या, उरलेल्या सोडल्या. त्या बायकांनी पुढच्या वर्षी वर्गणी दिली नाही, आणि त्यांचे बरोबर होते. लोकांना विचारणे म्हणजे चिंचोके मोजणे नव्हे. जी गोष्ट थोड्यांची आहे पण तिच्यावाचून त्यांचे येणेच थांबते, ती यादीत आधी बसवावी लागते. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायद्याने लिहिले ते याचसाठी. त्या निम्म्या स्त्रिया सभेत बोलतात की दाराशी बसून सही करतात, हे मात्र कायद्याला पाहता येत नाही.

आणखी एक भीती आम्हाला जागोजाग भेटली, आणि ती निराधार नव्हती. "आम्ही शाळा मोडकी आहे असं लिहून दिलं, तर बंदच करतील ना?" २०१७ च्या अखेरीस राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत नेण्याचा निर्णय झाला होता. पुढे २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना आली. पाड्यावरचा पट कमी का असतो? मुले भट्टीवर असतात म्हणून. पट कमी म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून छप्पर नाही, छप्पर नाही म्हणून पट आणखी कमी. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे कायद्याचे नियम म्हणतात. नकाशावरचा हा किलोमीटर भर पावसात ओढ्यापलीकडे असतो. अशा माणसाने शाळेविषयी खरे सांगावे अशी अपेक्षा असेल, तर आधी त्याला शाळा राहील याची हमी दिली पाहिजे. संपात सुद्धा कामगार खरे बोलतो ते नोकरी जाणार नाही याची खात्री पटल्यावरच.

मार्ग नाहीत असे नाही. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला, आणि पाड्याच्या ग्रामसभेलाही, अधिकार दिले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला, आणि तो शाळेवरही खर्च करता येतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्याने जिल्ह्याची कचेरी ठाण्याहून जवळ आली, हेही खरे; मोखाड्याहून मात्र ती अजून लांबच आहे.

भट्टीवरच्या त्या याद्या आम्ही व्यवस्थापन समित्यांकडे पोहोचवल्या. दोन समित्यांनी त्या आराखड्याला जोडल्या, एकीने घेतल्या नाहीत. कड्या मात्र आम्ही वाट न पाहता जव्हारच्या बाजारातून विकत घेतल्या आणि शाळेच्या शिपायाविना, एका पालकाच्या हातोडीने बसवल्या. याला परवानगी होती की नाही हे आम्हाला अजून कुणी विचारलेले नाही. जून लागला, माणसे परतली. तेव्हा टोपलीत चिंचोके टाकणाऱ्या त्या बाईने शाळेच्या पडवीत यादी पुन्हा वाचून दाखवावयास सांगितले. आम्ही वाचत होतो आणि ती बोटावर मोजत होती. पाण्याच्या टाकीपाशी तिने थांबवले, बाहेर जाऊन पाहून आली आणि म्हणाली, "अजून नाही. पुढे वाचा."